परसदारची खोली



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने कर्जाचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘घरामागे दहा बाय दहाची खोली’. ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि गटाचे हिशेबही तीच मोबाइलवर ठेवते. मशीन पुढच्या खोलीत दाराशी असतं. पाहुणे आले की मशीन कोपऱ्यात सरकतं, कापड पलंगाखाली जातं आणि अर्धी शिवलेली बाही कुठे ठेवली ते रात्री शोधावं लागतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की काम जिथे सोडलं तिथेच सकाळी ते सापडावं.

अर्ज साधा होता, पण त्यावर तासभर बोलणं झालं. गटातल्या एका आजी म्हणाल्या, “मागं कशाला काढतेस गं? मागं तर आम्ही आयुष्यभर बसलोच की.” दुसरीने विचारलं, “खोली लागणार कुणाच्या नावावर?” या दोन प्रश्नांची उत्तरं कुणालाच चटकन देता येईनात. म्हणून आम्ही ठरवलं की आपल्या नगर जिल्ह्यात घरातल्या कामाला जागा कशी मिळत गेली, किंवा का मिळाली नाही, ते जरा मागे जाऊन पाहावं. जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं आहे. पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात ‘नगर’च येतं, तेवढं समजून घ्या.

आधी घरापासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात घरं दोन तऱ्हांची. पश्चिमेला अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या अंगाला पाऊस धो धो पडतो, म्हणून तिथे उतरत्या छपराची घरं. पूर्वेला शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पाऊस कमी, म्हणून तिकडे माळवदाची, धाब्याची घरं. तऱ्हा दोन असल्या तरी घराची आतली रीत बरीचशी सारखी होती. पुढे ओसरी, तिथे गडीमाणसं आणि आलेगेले. मग माजघर, मग चूल. सगळ्यात मागे परस. तिथे न्हाणी, सरपण, गोवऱ्या, एखादा शेवगा, सांडपाण्यावर वाढलेलं अळू.

या घरात बाईचं काम कुठे होतं? सगळीकडे होतं. पहाटे जातं माजघरात, कांडण उखळापाशी, वाळवण माळवदावर, निवडणं-पाखडणं ओसरीच्या कडेला, तेही ओसरीवर कुणी नसेल तेव्हा. प्रत्येक कामाला वेळ ठरलेली होती, पण जागा ठरलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला जागा लागली की आपलं काम उचलायचं, हे घरातल्या मुलीला न सांगता कळत असे. आमच्या मैत्रिणीचं मशीन आजही त्याच रीतीने कोपऱ्यात सरकतं.

मागच्या बाजूला बाईसाठी म्हणून राखलेल्या जागा मात्र होत्या. एक बाळंतिणीची खोली, अंधारी, वारा लागू नये म्हणून बंद ठेवलेली. दुसरी, महिन्याचे चार दिवस ‘बाहेर’ बसायचा कोपरा. कुठे पडवीत, कुठे गोठ्याच्या कडेला. तिथे कामाला सुट्टी होती असं समजू नका. शिवायचं नाही त्या वस्तू सोडून बाकीचं काम तिथेही येऊन पडायचं. म्हणजे घरामागची जागा बाईला मिळत होती ती तिला वेगळं बसवायला, तिच्या कामासाठी नव्हे. आमच्या आजींचं बोलणं असं जुन्या अनुभवातून आलेलं होतं. घरामागच्या खोलीचं नाव काढलं की त्यांना बाजूला बसणंच आठवतं.

आता शहराकडे येऊ. अहमदनगर शहर 1490 साली मलिक अहमद निजामशहाने वसवलं. विणकाम हा या शहराचा जुना धंदा. मुंबई इलाख्याच्या सरकारने 1884 साली नगर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही इथल्या हातमागाची आणि लुगड्यांची नोंद आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हा धंदा मोठा केला. आजही शहराच्या जुन्या भागात घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत.

विणकराच्या घरात माग हाच घराचा कर्ता. खड्डामाग असेल तर जमिनीत खड्डा खणून विणणारा त्यात पाय सोडून बसतो. म्हणजे माग हलवता येत नाही, घराने मागाभोवती राहायचं. मागाला उजेड लागतो, सूत तुटलेलं दिसायला हवं, म्हणून घरातला चांगला उजेड आधी मागाला. लुगडं विणायच्या आधीची कामं किती? सूत उकलायचं, रहाटावर कांड्या भरायच्या, ताणा करायचा, सुताला खळ लावायची. यातलं बरंच काम बायका आणि मुलं करत. कांडी भरणारी बाई उरलेल्या जागेत, उरलेल्या उजेडात बसायची. आणि लुगडं विकलं की पैसा मागाचा म्हणून येई. कांडीचा वेगळा पैसा नसे. एका मागावर दोन-तीन माणसं राबायची, पण हिशेबात एकच विणकर असायचा.

इंग्लंडमध्येही कारखाने येण्याआधी विणकर घरीच विणत. तिथल्या यॉर्कशर, लँकेशर भागातली विणकरांची जुनी दगडी घरं अजून उभी आहेत. त्यांच्या वरच्या मजल्याला ओळीने खिडक्याच खिडक्या दिसतात, कारण माग वर असे आणि त्याला उजेड हवा असे. तिकडेही सूत कातणारी बाई घरातच होती. घराची रचना बदलायला लोक तयार झाले ते पैसा देणाऱ्या यंत्रासाठी. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला आणि त्याचं नाव झालं. माग सुधारण्यावर खूप डोकी चालली. कांडी भरणारीने कुठे बसावं याचा मात्र कुणी आराखडा काढला नाही.

इथे थोडी वाट वाकडी करून भुईकोट किल्ल्यात जाऊ. आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात प्रसिद्ध लिहायची खोली कोणती असं विचारलं, तर ती या किल्ल्यात आहे. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. जवाहरलाल नेहरू तिथे मार्च 1945 पर्यंत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक त्यांनी तिथे 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रंही तिथेच लिहिली. नेहरूंनी आवारात खणून फुलबागही केली होती.

शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती खोली पाहिली आहे. पण यावेळी आमच्या बोलण्यात एक वेगळीच गोष्ट निघाली. त्यांचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं होतं, घरच्यांपासून तोडलेलं होतं. त्या शिक्षेची बरोबरी कशाशीच करायची नाही. तरी एक गोष्ट खरी, की त्या खोलीत लिहायला बसलेल्या माणसाला उठून स्वयंपाक करायचा नव्हता आणि दार वाजलं म्हणून काम आवरायचं नव्हतं. मोठं काम व्हायला सलग वेळ लागतो, आणि वेळ सलग राहायला जागा लागते. गजांमागे तेवढं मिळालं आणि पाच महिन्यांत एवढा ग्रंथ झाला. बाईला घरात सलग तास कधी मिळतो, हा प्रश्न आम्ही एकमेकींना विचारला. बहुतेकींचं उत्तर होतं, सगळे झोपल्यावर.

स्वातंत्र्यानंतर लगेच 1948 चा कारखाना कायदा आला. वीज वापरून 10 किंवा विजेशिवाय 20 कामगार जिथे काम करतात तो कारखाना, असं त्याने ठरवलं. तिथे खिडक्या हव्यात, पाणी हवं, संडास हवा, बायका जास्त असतील तर पाळणाघर हवं. एवढंच नाही, तर नव्या कारखान्यात दर कामगारामागे 14.2 घनमीटर, म्हणजे सुमारे 500 घनफूट हवा असलीच पाहिजे, असंही मोजून दिलं. साध्या भाषेत सांगायचं तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत दोनच कामगार.

कायदा चांगला होता. पण विडीच्या धंद्यात त्यातून वाट काढली गेली. कारखान्यात माणसं बसवली तर कायदा लागतो, मग माणसं कशाला बसवायची? पानं आणि तंबाखू बायकांच्या घरी द्यायची, वळलेल्या विड्या मोजून घ्यायच्या. देशभर विडीचं काम असं घरोघर गेलं. आपल्याकडे नगर शहर, संगमनेर, अकोले आणि पलीकडचं सिन्नर हा विडीचा पट्टा. हातमाग मागे पडत गेले तेव्हा पद्मशाली घरांतल्या कितीतरी बायकांनी विडीचं सूप मांडीवर घेतलं. ज्यांच्या सासूने कांड्या भरल्या, त्यांच्या सुना विड्या वळू लागल्या.

ते काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. टेंभुर्णीची पानं भिजवून मऊ करायची, मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार विड्यांवर. हात बसलेल्या बाईलाही हजाराला पुरा दिवस लागतो. मान वाकलेली, पाय एकाच ठेवणीत, आणि तंबाखूची धूळ त्याच खोलीत, जिथे पोरं झोपतात आणि भाकरी थापली जाते. कारखान्यात प्रत्येकीला 500 घनफूट हवा मोजून द्यायची होती. घरात कुणी फूटपट्टी घेऊन आलं नाही. जागा बाईची, छप्पर बाईचं, दिव्याचं बिल बाईचं, माल मालकाचा. घरून काम करणारी बाई मालकाला जागेचं भाडं माफ करते, ही गोष्ट आम्हाला या निमित्ताने पहिल्यांदा नीट समजली. घरबसल्या काम मिळतंय हे आपण उपकारासारखं ऐकतो, पण त्या कामाची जागा आपणच पुरवत असतो.

याविरुद्ध विडी कामगार बायका लढल्या. लाल बावट्याच्या युनियनमधून नगरमध्ये मोर्चे निघाले, संप झाले. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, आणि घरी बसून मालकासाठी विड्या वळणारीलाही त्याने कामगार मानलं. मालक मंडळी सुप्रीम कोर्टात गेली. 1974 साली कोर्टाने कायदा उचलून धरला. 1976 साली विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत सुरू झाली. जीएसटी आल्यावर 2017 मध्ये तो उपकर रद्द झाला.

यातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल 1985 चा. प्रश्न प्रॉव्हिडंट फंडाचा होता. मालकांचं म्हणणं, या बायका आमच्या नोकर नाहीत, त्या त्यांच्या घरी, त्यांच्या वेळेला काम करतात, आमची देखरेख कुठे आहे? सुप्रीम कोर्टाने म्हटलं, वळलेली विडी नापास करायचा हक्क तुमच्या हातात आहे, देखरेख म्हणायला तेवढं पुरे. म्हणून घरी काम करणारीही कामगार, तिलाही फंड. आपल्यापैकी ज्या कुणी घरी बसून कुणाचं काम करतात, शिवण असो, पापड असो, पॅकिंग असो की संगणकावर भरायचे फॉर्म असोत, त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. काम कुठे बसून केलं याला मोल कमी. माल चालला की नाही हे कोण ठरवतं, ते बघायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही 1996 साली घरी काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता घराच्या मापाकडे या. 1985 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. पुढे त्यात घराचं कमीत कमी माप होतं 20 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 215 चौरस फूट. 2016 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरासाठी ते 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट झालं, स्वयंपाकाची जागा धरून. बेघर माणसाला पक्कं छप्पर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण या घरात पाच माणसं, धान्य, कपाट आणि एक शिलाई मशीन ठेवून बघा. घरकुल मिळाल्यावर वर्ष-दोन वर्षांत मागे पत्र्याची खोली का उभी राहते, हे तेव्हा समजतं. जुन्या घरात ओसरी होती, परस होता, माळवद होतं. काम पसरायला उघडी जागा होती. नव्या घरात भिंती पक्क्या आल्या आणि ही उघडी जागा गेली. घरामागची पत्र्याची खोली म्हणजे हरवलेला परस परत मिळवायची धडपड आहे, असं आम्हाला वाटतं.

दुसरा प्रश्न नावाचा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चांदवडला 1986 साली शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करावी, असं ते आवाहन होतं. कितीतरी गावांनी ते मनावर घेतलं. जमिनीनंतर घराची पाळी आली. 2003 साली महाराष्ट्र सरकारने ‘घर दोघांचे’ हे अभियान काढलं. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घरावर नवरा आणि बायको दोघांची नावं लावायची. घरकुलाच्या योजनांमध्येही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावाने द्यायचं धोरण आलं.

तरी आमच्या गटात आम्ही हात वर करायला सांगितले, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींना आपल्या घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं हे सांगता आलं नाही. कर्ज गटाचं, म्हणजे आपल्या नावाचं. हप्ता आपल्या शिलाईतून. आणि खोली मात्र जागेबरोबर सासऱ्यांच्या नावावर. यात कुणी कुणाला फसवायला बसलेलं नसतं. पण उद्या भावाभावांत वाटण्या झाल्या, घरात काही बरंवाईट झालं, तर ती खोली कष्टाची होती हे कागद सांगत नाही. नमुना आठचा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हेही तितकंच खरं. पण नाव मुळीच नसण्यापेक्षा तिथे असलेलं बरं.

मग 2020 साल आलं. मार्चअखेरीस टाळेबंदी झाली. पुण्या-मुंबईची नोकरदार मुलं गावी परतली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. मुलाची मीटिंग चालू आहे, मिक्सर लावू नका, मोठ्याने बोलू नका, असं घराघरांत सुरू झालं. बायकांना याची गंमत वाटली, आणि थोडं दुखलंही. घरात काम करायला शांतता लागते, वेगळी जागा लागते, हे घराने एका दिवसात मान्य केलं. त्याच घरात तीस वर्षं विड्या वळणाऱ्या किंवा कपडे शिवणाऱ्या बाईसाठी मिक्सर कधी थांबला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात राज्याची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली. राहत्या घरात, बाहेरचे मजूर न लावता, घरच्या माणसांनी शिलाईसारखे घरगुती व्यवसाय करायला तिच्यात मुभा आहे. घरात धंदा करणं म्हणजे काही चोरीचं काम नाही, हे कागदावरही आहे.

या सगळ्यात आम्हाला सगळ्यात बळ देणारं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे. शाळेची पायरी न चढलेल्या. गावठी वाणांचं बी त्यांनी साठवायला सुरुवात केली ती आपल्याच घरात. वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी वाण. बाएफ संस्थेची साथ मिळाली, आजूबाजूच्या बायका जोडल्या गेल्या, आणि घराचीच बियाणं बँक झाली. पुढे बियाण्यांसाठी पक्की जागा उभी राहिली. 2018 साली बीबीसीने जगातल्या 100 प्रेरणादायी स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं.

राहीबाईंकडे बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या. बी राखणं हे पहिल्यापासून घरातल्या बाईचंच काम. राखेत घोळवून, मडक्यात भरून, तोंड लिंपून प्रत्येक आजीने ते केलं. फरक एवढा पडला की इथे ते काम बाहेरच्या लोकांना दिसलं. शेतकरी बी घ्यायला येऊ लागले, विद्यार्थी बघायला येऊ लागले. घरात साठवलेल्या बियांना जागा, नाव आणि बाहेरून येणारी वाट मिळाली. बाजूला बसायचा कोपरा आणि कामाची खोली यांतला फरक आम्हाला इथे सापडला. पहिल्या ठिकाणी कुणी येत नाही, दुसऱ्या ठिकाणी लोक शोधत येतात.

एवढं सगळं बोलून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या अर्जाकडे वळलो. खोली मागेच निघणार होती, कारण पुढे जागाच नाही. पण आजींचं म्हणणं आम्ही सोडलं नाही. आराखड्यात खोलीचं दार स्वयंपाकघरातून होतं. ते बदलून बाजूच्या बोळाकडे घ्यायला सांगितलं. म्हणजे ब्लाउज टाकायला येणारी बाई कुणाच्या चुलीवरून न जाता सरळ खोलीत येईल, आणि घरातलं कुणीही ‘जरा चहा टाक’ म्हणायला सहज डोकावणार नाही. मशीनच्या डाव्या हाताला खिडकी ठेवायला सांगितली. पत्रा उन्हाळ्यात तापतो, म्हणून उंची दहा फुटांच्या खाली नको आणि वर आडवं वारं खेळेल अशी झरोक्याची जागा हवी, हेही ठरलं.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी खोली असेल तर चार गोष्टी आधी करा. गावठाणात ग्रामपंचायतीची, शहरात महापालिकेची किंवा नगरपरिषदेची परवानगी घ्या, तोंडी ‘चालतंय’वर भिंत उभारू नका. घराचा उतारा काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. वीज घरगुती मीटरवर चालेल की वेगळा मीटर लागेल, ते वीज कार्यालयात विचारून घ्या. आणि खोलीचा खर्च, दिव्याचं बिल, मशीनची झीज तुमच्या शिलाईच्या दरात धरा. विडीवालीने जागेचं भाडं माफ केलं कारण तिला ते माहीतच नव्हतं. आपल्याला आता माहीत आहे.

नावाचा प्रश्न राहिला होता. तिचे सासरे पुढच्या बैठकीला स्वतः आले. आम्हाला वाटलं भांडायला आले. त्यांनी उताऱ्याची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाले, “माझी आई विड्या वळायची. पावसात पानं भिजू नयेत म्हणून आमच्या अंथरुणावर ठेवायची आणि आम्ही पोरं खाली पोत्यावर निजायचो. या खोलीला सूनबाईचं नाव लागू द्या.” ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. नोंद अजून व्हायची आहे, पण कर्ज मंजूर झालं आणि जोतं भरून झालं आहे.

आजींनी जोत्यावर उभं राहून खिडकीची जागा बघितली आणि म्हणाल्या, “इथून रस्ता दिसतोय की गं.”

पुढच्या वेळी भेटू, मैत्रिणींनो. तोवर आपापल्या घराचा उतारा एकदा काढून वाचा. नमस्कार.